माहेरी गेलेली किडनी

माझ्या दादाला कुणी बसून जेवताना पाहिलं असेल तर त्यानं मला येऊन सांगावं, मी त्याचे वर्षभराचे कपडे फुकट आल्टर करून देईन. ओट्याला टेकून उभा, ताट हातात आणि एक डोळा घड्याळावर, असं त्याचं जेवण. आई म्हणायची, "हा पोटातसुद्धा स्वस्थ नव्हता, लाथा मारून मारून जीव काढला माझा." खुर्चीत बसवलं तर गुडघा हलायचा, गुडघा धरून ठेवला तर बोटं वाजायची. त्याच्यासमोर बसलं की आपल्यालाच कुठेतरी जायला उशीर होतोय असं वाटायला लागायचं.

अशा माणसानं जन्मभर बसून करायचं काम केलं. तो शहरातल्या बसचा ड्रायव्हर. बस हलती असते म्हणून त्याचं जमलं, एरवी तो कुठल्याच खुर्चीत टिकला नसता. डेपोत त्याला सगळे 'मिनिट' म्हणत. त्याची गाडी थांब्यावर आली की लोक हातातलं घड्याळ लावून घेत, असं तो स्वतःच सांगायचा. खरं-खोटं देव जाणे, पण सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा की शंका घ्यायची आपल्यालाच लाज वाटावी.

मग त्याच्या किडन्या गेल्या. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला होता आणि हा डॉक्टरकडे जायचाच नाही, कारण तिथे नंबर लावून बसावं लागतं. शेवटी पाय सुजले, बूट चढेना, तेव्हा वहिनीनं ओढत नेलं. तोवर दोन्ही किडन्या वाळलेल्या शेंगेसारख्या झाल्या होत्या. आणि ज्याला न्हाव्याच्या खुर्चीतही दम धरवत नाही, त्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला जोडून अर्धा अर्धा दिवस झोपवून ठेवायला लागले. पाणी मोजून. घशाला कोरड पडली की बर्फाचा खडा चघळायचा, बस. मी भेटायला गेले की तो मशीनकडे असा बघत असायचा जसा सिग्नलकडे बघतो. पण हा सिग्नल काही हिरवा होत नव्हता.

किडनी द्यायची तर आईचं वय झालेलं, वहिनीचं जुळेना, दादाची पोरं लहान. राहिले मी. माझं जुळलं. घरी सांगितलं तेव्हा आमचे हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू ठरवलंयस म्हटल्यावर मी काय बोलणार? माझ्या शर्टाची कॉलरसुद्धा तू कधी माझ्या मनासारखी लावली नाहीस." मी समजले, परवानगी मिळाली.

दादा मात्र हटून बसला. "बहिणीला द्यायचं असतं, बहिणीकडून घ्यायचं नसतं," म्हणे.

"मग दे की!" मी म्हटलं. "मला रडायला न लावता जगून दाखव. तेवढं दे, आपली फिटंफाट."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर मी आधी माझे टाके बघितले. चांगले घातले होते, अंतर सारखं. मग विचारलं, "लघवी झाली का?" माझी नव्हे, त्याची. नर्स दुसरीकडे बघायला लागली.

झाली नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. किडनी बसवलेली, रक्त आत-बाहेर फिरतंय, आणि पिशवी मात्र कोरडी ठणठणीत. मला चाकाच्या खुर्चीतून त्याच्या काचेच्या खोलीपाशी नेलं. आत दादा, बाहेर वहिनी, आणि मध्ये किडनीच्या डॉक्टरीणबाई. बारीक चणीच्या, पेनाचं टोपण सारखं काढायचं नि लावायचं अशी त्यांना सवय. मला ती सवय बघून बरं वाटलं. म्हटलं, ह्याही आमच्यातल्याच दिसतात.

"किडनी झोपलीय," त्या म्हणाल्या. "जिवंत माणसाची असली की सहसा असं होत नाही, पण होतं कधीकधी."

"झोपली म्हणजे?" वहिनी म्हणाली. "उठवायची कशी?"

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं. किडनी काढली की तिचं रक्त थांबतं, ती बर्फात थंड ठेवतात. दुसऱ्या अंगात जोडली की एकदम गरम रक्त आत शिरतं. त्या धक्क्यानं तिच्यातलं काहीबाही फुटतं. आणि फुटलं की शरीरातल्या एका जातीच्या पेशी धावत सुटतात. त्या जन्मजात असतात, त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. ही किडनी घरची की परक्याची, हे त्यातल्या बहुतेक विचारतही नाहीत. इथे काहीतरी मोडलंय, एवढंच त्यांना कळतं. येतात, मोडलेलं गिळून टाकतात, सफाई करतात, आणि त्या धांदलीत चांगलंही थोडं मोडून ठेवतात.

"म्हणजे शरीर किडनी नाकारतं म्हणतात, ते हेच का?" मी विचारलं.

"नाही. ते दुसऱ्या पेशींचं काम. त्या ओळख पटवतात, त्याला वेळ लावतात, आणि एकदा परकं म्हणून ओळखलं की विसरत नाहीत. गोळ्या मुख्यतः त्यांना आवरायला. ह्या आधी धावणाऱ्या पेशी गोळ्यांना फारशा जुमानत नाहीत. आणि ह्यांच्यातल्याच काही जाऊन त्या दुसऱ्यांना वर्दी देतात, तीच खरी भीती."

काचेआडून दादाचा आवाज आला. अगदी बारीक. "अ‍ॅक्सिडेंटची गर्दी."

"काय म्हणालात?"

"बस कुठे घासली की पहिल्यांदा रस्त्यावरची माणसं पळत येतात. पोलिस नंतर. तीच जखमींना बाहेर काढतात, तीच पाणी पाजतात. आणि तीच काचा फोडतात, ड्रायव्हरला हाणतात. चूक कुणाची, कोण विचारतंय? सुक्याबरोबर ओलंही जळतं."

डॉक्टरीणबाईंनी टोपण लावलं. "आणि पोलिसांना फोन करतात तेही तेच," त्या म्हणाल्या. "बरोबर. आता गर्दी पांगायची वाट बघू." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्याही काही पेशी किडनीबरोबर ह्यांच्यात गेल्यात बरं. प्रवासी पेशी म्हणतो आम्ही त्यांना."

"बिनतिकिटाच्या," दादा म्हणाला, आणि वहिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

हसली खरी, पण वाट बघणं काही कुणाला जमत नव्हतं. दादा पडून पडून पिशवीकडे बघायचा, वहिनी दादाकडे बघायची, मी माझ्या खोलीतून नर्सेसची डोकी खायची. माझ्याच अंगातला एक तुकडा, जो आजवर निमूट काम करत होता, तो तिकडे जाऊन रुसून बसला होता, आणि मला त्याला दोन शब्द सुनावताही येत नव्हते. मी पोटावर हात ठेवून उरलेल्या किडनीला म्हणायची, बाई गं, तुझ्या बहिणीला काहीतरी समजाव.

एका सकाळी वहिनी माझ्या खोलीत धावत आली आणि नुसतं म्हणाली, "वन्सं, झाली!" तेवढ्यावर आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो. शेजारच्या पलंगावरच्या बाईंना वाटलं, घरात बाळ झालं. त्यांनी मुलगा की मुलगी विचारलं.

त्यानंतर माझं एक चालू झालं. कुणी विचारलं की मी म्हणायची, माझी किडनी माहेरी असते. फोन केला की आधी तिची चौकशी. "जेवली का ती? झोपते का नीट?" दादा चिडायचा, "अगं, माझी तब्येत विचार की!" मी म्हणायची, "तुझ्याशी मला काय करायचंय? तू तिचा घरमालक." आमची आई असल्या बोलण्यावर कानांवर हात ठेवायची, पण तिलाही ते ऐकायला आवडायचं.

गोळ्यांच्या बाबतीत दादा देवमाणूस निघाला. गजर वाजायच्या आधी गोळी तोंडात. हेच तर त्याला येत होतं, मिनिटावर काम करणं. वर्ष उलटलं, तपासण्या चोख आल्या, डेपोच्या डॉक्टरनं फिट लिहून दिलं आणि त्याला पुन्हा गाडी मिळाली. बंद केबिनची, गर्दीपासून वेगळी. पहिल्या दिवशी त्यानं मला स्टिअरिंगवरच्या नुसत्या हाताचा फोटो पाठवला. मी दुकानात मशीनवर बसून तो फोटो गिऱ्हाइकांना दाखवत बसले.

आणि मग रक्ताचा रिपोर्ट बिघडला. थोडा. पुढच्या वेळी आणखी थोडा.

किडनी जातेय की काय, हा एकच प्रश्न घरभर हिंडत होता. शरीर नाकारायला लागलं असेल तर परत तेच मशीन, आणि माझ्याकडे द्यायला आता दुसरी नाही. मी शिवायला बसले की बाही उलटी लावायची. मला वाटलं गोळ्या चुकतायत. दादाला विचारायचा धीर नाही, म्हणून मी वहिनीवर घसरले. "डबीत गोळ्या तुम्हीच भरता ना? एखादी राहिली असेल."

वहिनीचा चेहरा उतरला. ती उठली, डबी आणली, आणि माझ्या मांडीवर पालथी केली. "मोजा," ती म्हणाली. "तुम्ही एकदा दिलीत, वन्सं. मी ती रोज सांभाळतेय." मी एकेक गोळी डबीत परत भरली. एकही कमी नव्हती, एकही जास्त नव्हती.

मग बायॉप्सी. लांब सुईनं किडनीचा दोऱ्याएवढा तुकडा काढून बघतात. आम्ही बाहेरच्या बाकावर. मी बसल्या बसल्या माझ्या ओढणीची कड उसवायला घेतली आणि रिपोर्ट येईपर्यंत अख्खी उसवली. दादाचा कंडक्टर रजा टाकून आला होता. ह्या दोघांची जोडी जुनी, एकाच गाडीवर. एवढा आडवा माणूस, पण त्या दिवशी बाकाच्या कडेला अंग चोरून बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. दादा पलंगावर, पाय हलतोच आहे.

"नाकारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण किडनीला मार बसलाय. त्या ओळख पटवणाऱ्या पेशी तिथे दिसत नाहीत. दिसतायत त्या पहिल्या. गर्दी जमलीय. म्हणजे रोज काहीतरी मोडतंय आणि त्या रोज धावून येतायत." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "पाणी किती पिता?"

"पितो की," दादा म्हणाला.

"किती?"

"पितो बरंच."

"दिवसा ड्युटीवर?"

दादाचा पाय थांबला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याचा पाय थांबलेला पाहिला.

कंडक्टरनं घसा खाकरला. "सांगू का, मिनिट?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं. "एक घोट नाही, मॅडम. गाडीवर चढल्यापासून उतरेपर्यंत एक घोट नाही. आमच्यात कुणीच पीत नाही. प्यायलं की लागते, आणि लागली की जायचं कुठे? पुढे सिग्नल, मागे भरलेली गाडी. शेवटच्या थांब्यावर मुतारी आहे, पण हा तिथेही जात नाही. तेवढ्यात एक फेरी उशिरा सुटेल म्हणतो."

"ह्या किडनीला रोज तीन लिटर पाणी लागतं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"घरी आल्यावर पितो ना," दादा म्हणाला. "एकदम पितो. भरून काढतो."

माझं डोकं फिरलं. हॉस्पिटल आहे, मोठ्यानं बोलू नये, हे मला कळत होतं, पण वळत नव्हतं. "दादा, माहेरी आलेल्या पोरीला माणसं दारातच पाणी विचारतात रे! आणि तू तिला दिवसभर कोरडं ठेवलंस? संध्याकाळी बादलीभर ओतलंस की झालं? झाडालासुद्धा असं कुणी घालत नाही! मी काय तुला टाकीत भरून ठेवायला दिली होती?"

"गोळ्या घेतो ना वेळेवर," तो खाली मान घालून म्हणाला. "मला वाटलं, गोळ्या घेतल्या की बाकी सगळं सांभाळलं जातं."

"गोळ्या दुसऱ्यांसाठी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्यांना गोळी कळत नाही. त्यांना फक्त मोडणं कळतं. अजून त्यांनी वर्दी दिलेली दिसत नाही. पण रोज रोज धावायला लावलं तर देतील. आणि त्या दुसऱ्यांनी एकदा किडनी ओळखली, की मग मीसुद्धा फार काही करू शकणार नाही."

त्याला ठेवून घेतलं, शिरेतून पाणी सुरू केलं. रोज रक्त काढायचे आणि रोज आम्ही आकड्याकडे डोळे लावून, तो उतरायला हवा होता. एक दिवस खाली, एक दिवस तिथेच, परत थोडा खाली. मग एका जागी येऊन थांबला. पहिल्यासारखा झाला नाही. "जो व्रण पडला तो राहणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि आणखी एक. असं पुन्हा झालं तर ह्या पेशी आणखी चटकन धावून येतील. इथे येऊन गेल्याची त्यांनाही सवय होते, असं आता दिसायला लागलंय."

डेपोनं टेबलाचं काम देऊ केलं. गाड्या कुठे आहेत ते पडद्यावर बघायचं, फोन घ्यायचे, नळ हाताशी, संडास दाराशी. वहिनीला हर्ष झाला, मलाही. दादा घरी आल्यावर जेवायला बसला. म्हणजे खरोखर बसला, खाली मांडी घालून, मान खाली. गुडघा हलत नव्हता. आयुष्यभर मी ज्याच्यासाठी त्याच्यावर ओरडले, ते त्यानं केलं, आणि मला तो बघवेना.

वहिनीलाच आधी कळलं. "गाडी हवी का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"हवी."

"मग थांबवाल?"

तो ताटात बोट फिरवत राहिला. "लाज वाटते गं," म्हणाला. "भरलेली गाडी मध्येच उभी करायची, आणि कशासाठी? मुतायला! लोक काय म्हणतील? मिनिटाची गाडी उशिरा आली, मिनिट आत बसलाय." इतक्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. मला चेष्टा सुचली होती, ती मी गिळली.

"किडनी वन्संची आहे," वहिनी माझ्याकडे बोट करून म्हणाली. "त्यांना विचारा."

मी म्हटलं, "थांबवणार असशील तर चालव. नसशील तर टेबलावर बस. मला शपथ नको, वचन नको. मी गाडीत बसून बघणार."

"तू काय इन्स्पेक्टर आहेस?"

"त्याहून वरची."

त्याला पुन्हा गाडी मिळाली त्या आठवड्यात मी दुकान लवकर बंद केलं आणि त्याच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. गाडी आली. उशिरा नव्हती, ह्याचा मला राग आला आणि अभिमानही वाटला. कंडक्टरनं मला बघून न बघितल्यासारखं केलं आणि बाजारापर्यंतचं तिकीट फाडून दिलं. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी एका खांबाला धरून उभी. समोर, केबिनच्या काचेतून दादाचं डोकं दिसत होतं आणि शेजारी पाण्याची मोठी बाटली. ती भरलेली होती. अगदी तोंडापर्यंत.

थांबा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. त्यानं बाटलीला हात लावला नाही. माझ्या मनात शिव्या जमायला लागल्या. हा सुधारणार नाही, हा मरेपर्यंत वेळेवर जाणार, आणि माझी घेऊन जाणार. पेट्रोल पंपाच्या पुढचा सिग्नल हिरवा होता. गाडी हिरव्याला निघाली की कधी थांबत नाही. ती थांबली. पंपाच्या कडेला घेऊन त्यानं इंजिन बंद केलं आणि उतरला.

"काय झालं?" "बंद पडली का?" "अहो ड्रायव्हर!" गाडीत कल्लोळ. कंडक्टर शांतपणे म्हणाला, "दोन मिनिटं." एकजण ओरडला, "दोन मिनिटं कसली? आम्हाला कामं नाहीत का? मुतायला गेलाय बघा!" चारजण हसले. माझे कान तापले. मी तोंड उघडलं होतं, ह्या माणसाची मी आज खरडपट्टी काढणार होते, पण खिडकीतून मला दादा दिसला आणि मी गप्प झाले.

तो चालत येत होता. पळत नव्हता, चालत. अख्खी गाडी त्याच्या नावानं शंख करत होती आणि तो पंपाच्या आवारातून सावकाश चालत आला. केबिनचं दार उघडलं, बाटली घेतली, आणि दारातच उभा राहून प्यायला लागला. घोट, मग श्वास, मग घोट. तो माणूस खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अहो, पाणी घरी जाऊन प्या की!"

दादानं बाटली खाली घेतली. मान लाल झाली होती.

"बहिणीची आहे," तो म्हणाला. "कोरडी ठेवता येत नाही."

कुणाला काही कळलं नाही. तो माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालेला दिसतो." दादानं उरलेलं पाणी संपवलं, चढला आणि गाडी सुरू केली. बाजार आला, बाजार गेला. मी उतरले नाही.